‘दार उघडले’ : एका यांत्रिक वाक्याची चिकित्सा

समीक्षेचा विषय व्हावयाचे तर वाक्याला लेखक असावा लागतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रस्तुत टिपणात ज्या वाक्याचा विचार करावयाचा आहे त्याला असा लेखक सहजासहजी दाखविता येत नाही. वाक्य अवघे दोन शब्दांचे आहे : ‘दार उघडले’. पुण्यात बाणेर-औंधकडच्या नव्या वसाहतींत, कोथरूडच्या बंगल्यांत, आणि सदाशिव पेठेतील वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींतही अलीकडे हे वाक्य दिवसातून अनेकदा फोनच्या पडद्यावर उमटते. ते वाचून माणसे कामे सोडून उठतात, घरी फोन करतात, कोणाला तरी प्रश्न विचारतात. इतक्या थोड्या शब्दांत इतकी माणसे हलविणारे वाक्य साहित्यात विरळाच सापडेल. म्हणून त्याची चिकित्सा भाषाभ्यासकाने करावी, ती केवळ अभियंत्यावर सोपवू नये, असे वाटते.

वाक्य जेथून निघते ते उपकरण प्रथम नीट पाहिले पाहिजे. काड्यापेटीहून फारसा मोठा नसलेला एक डबा दाराच्या फळीवर चिकटवितात आणि त्याच्यासमोर चौकटीवर चुंबकाचा एक लहान तुकडा बसवितात. दोहोंमधील अंतर वाढले की डब्याला चुंबकाचा प्रभाव जाणवेनासा होतो. याखेरीज फळीला बसलेला हादरा, फळीचा कल आणि भोवतालचे तापमान यांचीही नोंद तोच डबा घेतो. एवढ्यासाठीच त्याला ‘बहुउद्देशीय’ म्हणावयाचे. स्मार्टथिंग्ज या नावाने बाजारात आलेला व पुढे एओटेक कंपनीकडे गेलेला असा डबा प्रसिद्ध आहे. त्याच्या धर्तीवरचे इतरही अनेक मिळतात. आत नाण्याएवढी बॅटरी असते. तारा नसतात, झिग्बी नावाच्या रेडिओ-संकेतांनी डबा आपली नोंद घरातल्या एका मध्यवर्ती यंत्राकडे धाडतो, आणि ते यंत्र ती इंटरनेटवरून मालकाच्या फोनपर्यंत पोहोचविते. त्याच नोंदीवरून दिवा लागावा, भोंगा वाजावा, पंखा बंद व्हावा, अशी योजनाही करता येते.

‘बहुउद्देशीय’ या विशेषणाबद्दल एक शब्द लिहावासा वाटतो. उद्देश हा डब्याचा नसतो, घरमालकाचा असतो. डब्याजवळ चार मापे आहेत, हेतू एकही नाही. त्याला ‘बहुमापी’ म्हटले असते तर काही बिघडले नसते. ‘बहुगुणी’ मात्र म्हणू नये, ते विशेषण आवळ्या-हिरड्यांकडे राहू द्यावे. ‘संवेदक’ हा प्रतिशब्दही असाच थोडा उदार आहे. संवेदना ज्याला होते तो संवेदक. पण येथे जाणणारा कोणी नाही, केवळ भौतिक बदलाचे विद्युत्संकेतात रूपांतर आहे. मराठीने कुलूप अरबी ‘कुफ्ल’पासून अक्षरांची उलटापालट करून घेतले, चावी पोर्तुगीजांकडून घेतली, दरवाजा फारसीतून घेतला, आणि हे सारे संस्कृत द्वारापासून आलेल्या आपल्या दाराला बसविले. त्याच न्यायाने ‘सेन्सर’ही राहील, आणि राहावा. परका शब्द निदान काही खोटे सुचवीत नाही.

आता वाक्याकडे वळू.

मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तील प्रयोगविचार ज्यांनी वाचला आहे, त्यांना ‘दार उघडले’ या वाक्याचे दोन अन्वय तत्काळ दिसतील. एका अन्वयात दार हा कर्ता असून क्रियापद अकर्मक आहे; प्रयोग कर्तरी. दार आपणहून, वाऱ्याने, उताराने, कशानेही उघडले. दुसऱ्या अन्वयात दार हे कर्म आहे, क्रियापद सकर्मक आहे आणि कर्ता अध्याहृत आहे, प्रयोग कर्मणी. ‘त्याने’ किंवा ‘तिने’ हा शब्द बोलण्याच्या ओघात गळला, एवढेच. दोन्ही अन्वयांत क्रियापद दाराच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून उच्चारात किंवा लेखनात तिळमात्र फरक पडत नाही.

ही संदिग्धता सर्व क्रियापदांना लाभलेली नाही. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, सुटणे आणि सोडणे, हलणे आणि हलविणे या जोड्यांत मराठीने अकर्मक व सकर्मक रूपे वेगळी राखली आहेत. ‘काच फुटली’ असे कोणी म्हणाले तर त्यात आरोप नाही. ‘काच फोडली’ म्हटले की लगेच अपराधी शोधावा लागतो. दार मिटण्याच्या बाबतीतही हा भेद आहे : ‘दार लागले’ म्हणजे वाऱ्याने आपटले, ‘दार लावले’ म्हणजे कोणीतरी हाताने लावले. उघडण्याच्या बाबतीत मात्र, ‘मोडणे’प्रमाणेच, एकाच रूपाला दोन्ही कामे करावी लागतात. हिंदीत ही अडचण नाही. तेथे ‘खुलना’ आणि ‘खोलना’ अशी स्वतंत्र रूपे असल्यामुळे बोलणाऱ्याला आपली बाजू निवडावीच लागते. इंग्रजीत क्रियापद एकच असले तरी पूर्ण वाक्यात कर्ता सहसा गाळता येत नाही, त्यामुळे दाराने क्रियापदापूर्वीची जागा घेतली की ते कर्म नव्हे हे कळते. मराठीत क्रियापद दोन्हींकडे चालणारे आणि कर्ता गाळण्याची मुभा, असे दोन योग एकत्र आले आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वर्तमानकाळात ‘दार उघडते’ आणि ‘तो दार उघडतो’ ही वाक्ये निदान पुरुष कर्त्याच्या बाबतीत वेगळी पडतात, कारण तेथे क्रियापद कर्त्यामागे जाते. भूतकाळात उघडणारा पुरुष असो, स्त्री असो, एक असो वा दहा असोत, क्रियापदावर त्याचा ठसा उमटत नाही. अपवाद द्वितीय पुरुषाचा : ‘दार उघडलेस’, ‘दार उघडलेत’. समोरच्या माणसाला त्याच्या तोंडावर म्हणावयाचे असेल तेव्हाच भाषा कर्त्याची खूण क्रियापदावर ठेवते. आणि इशारा देणारे यंत्र नेहमी भूतकाळातच बोलते. घडून गेलेल्या गोष्टीवाचून त्याच्याजवळ सांगावयास काहीच नसते. म्हणजे ज्या काळात मराठीचे क्रियापद कर्त्याविषयी मौन पाळते, नेमका तोच या यंत्राचा एकमेव काळ होय.

यंत्राच्या बाजूने पाहता संदिग्धता मुळीच नाही. ते फक्त अकर्मक अर्थ जाणते. किंबहुना तोही पुरता जाणत नाही. झिग्बीच्या प्रमाणलेखनात अशा उपकरणांसाठी जे प्रकरण आहे, त्यात डब्याने पाठवावयाची स्थिती सोळा द्विमान अंकांत मांडली आहे. त्यांतला पहिला अंक शून्याचा एक झाला की चुंबक दूर गेले असे समजावयाचे. या अंकाचे नाव ‘दार’ नाही, ‘उघडे’ही नाही, ते आहे ‘अलार्म १’, म्हणजे ‘इशारा क्रमांक १’. पुढे मध्यवर्ती यंत्रात मालकाने ‘हा डबा दाराचा’ असे ठरवून दिले की ‘एक’ या अंकाचे ‘उघडे’ असे वाचन होते. होम असिस्टंट या घरगुती स्वयंचलनाच्या प्रणालीत तर हे उघडउघड दिसते : तोच चालू-बंद संकेत ‘दार’ या वर्गात घातला तर ‘उघडे’ म्हणून दिसतो, ‘कंप’ या वर्गात घातला तर ‘कंप जाणवला’ म्हणून. अर्थ डब्यातून येत नाही, वर्गीकरणातून येतो. शिवाय अनेक प्रणालींत इशाऱ्याचे शब्द मालकाने स्वतः लिहून ठेवावे अशी सोय असते. म्हणजे दुपारी जे वाक्य यंत्राने उच्चारलेसे वाटते, ते आदल्या रविवारी सोफ्यावर बसून घरमालकानेच लिहिलेले असते. वाक्य आधी, घटना मागाहून. लेखक दाखविता येत नाही असे आरंभी म्हटले ते याच अर्थाने. लेखक आहे, पण घटनेच्या वेळी तो तेथे नाही.

त्या प्रमाणलेखनातील प्रकरणाचे नाव मात्र कुतूहल वाढविणारे आहे. ते आहे ‘इंट्रूडर अलार्म सिस्टिम्स’, अर्थात घुसखोर-इशारा व्यवस्था. अंकाला दार ठाऊक नाही, पण प्रकरणाला घुसखोर ठाऊक आहे! कर्ता वाक्यात नसला तरी मथळ्यात बसला आहे.

हा व्याकरणातला बारकावा झाला, त्यावाचून कोणाचे काय अडते, असा प्रश्न येथे विचारला जाईल. अडते ते असे. सकाळी दोघेही कामावर गेलेली आहेत. घरात धुणेभांडी करणारी बाई आहे, किंवा नुकतीच येऊन गेलेली आहे. अकरा चाळीसला फोनवर वाक्य उमटते. वाचणाऱ्याच्या मनात ते अकर्मक राहू शकत नाही. तो ते सकर्मक म्हणून वाचतो, आणि अध्याहृत कर्त्याची रिकामी जागा घरात शक्य असलेल्या एकमेव माणसाने भरतो. संध्याकाळी प्रश्न येतो : ‘मावशी, दुपारी दार उघडलंत का?’ येथे क्रियापदावर द्वितीय पुरुषाचा ‘त’ आला आहे. यंत्राने जे म्हटले नव्हते ते व्याकरणाच्या एका प्रत्ययाने म्हटले गेले. ‘नाही’ म्हणावे तर फोनमध्ये वेळ नोंदलेली. ‘हो’ म्हणावे तर कशासाठी, हे सांगावयाचे. कचरा ठेवण्यासाठी, शेजारच्या मुलाने बेल वाजविली म्हणून, की दार नीट लागले नव्हते आणि वाऱ्याने सरकले म्हणून, हे त्या नोंदीत कोठेच नाही. बाईजवळ मात्र स्वतःच्या बोलण्याखेरीज दुसरा पुरावा नाही.

न्यायालयात हाच कागद ठेवावयाचा झाला तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर तिच्याविषयीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. नोंद कोठून आली, यंत्र नीट चालत होते की नाही, हे कोणीतरी सही करून सांगावे लागते. स्वयंपाकघरातल्या चौकशीला असली अट नाही. त्याच वर्षीच्या व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या कायद्यातूनही, व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी ठेवलेली नोंद वगळलेली आहे. उंबरठ्याच्या आत आल्यावर वाक्य कोणालाच जबाबदार राहत नाही.

खुणेवरून कर्ता ठरविण्याची घाई या शहराला नवी नाही. पेशवाईतल्या पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्या माणसास कोतवालीत अडकवीत असत. रस्त्यावर असणे हीच खूण आणि तोच गुन्हा. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाच्या माणसांनी काही तेलंगी ब्राह्मणांस संशयावरून एका कोंदट जागेत डांबले, त्यांतले बरेच गुदमरून मेले, आणि खवळलेल्या लोकांच्या हातून कोतवालाचाही अंत झाला. ही कथा सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातले महत्त्वाचे अंग एवढेच, की खूण आणि आरोप यांच्यामध्ये जी एक पायरी असावी लागते ती तेथे नव्हती.

ती पायरी असलेली व्यवस्थाही याच मुलखात होती. गावोगावच्या जागल्यांची आणि रामोश्यांची पद्धत एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात वर्णिली आहे. चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढावयाचा. पावलांचे ठसे पाहत तो शिवेपर्यंत जाई, पुढच्या गावच्या राखणदाराला माग दाखवून त्याच्या स्वाधीन करी, आणि तेव्हाच त्याची जबाबदारी सुटे. माग न लागला तर नुकसानीचा बोजा त्याच्यावर किंवा गावावर पडे. या पद्धतीत जुलूम होता, अन्यायही होता, यात शंका नाही. राखण करणाऱ्या जातींवरच चोरीचा कायमचा डाग ठेवणारी हीच समाजव्यवस्था होती. परंतु खुणेचे वाचन करणारा माणूस आपल्या वाचनाची किंमत मोजावयास बांधलेला होता. ‘माग’ या शब्दातच ते आहे. माग म्हणजे चोर नव्हे. चोराकडे नेणारी, पावलोपावली पडताळता येणारी वाट. आजच्या इशाऱ्याला शिवेवर उभा राहून तो दुसऱ्याच्या हाती देणारा कोणी नाही.

आपल्या शास्त्रपरंपरेत या पायरीचा विचार फार बारकाईने झालेला आहे. डोंगरावर धूर पाहून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकाला आधी व्याप्ती सिद्ध करावी लागते : जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी. आपल्या डब्याच्या बाबतीत लिंग म्हणजे चुंबकाचा वियोग, आणि साध्य म्हणजे दाराचे उघडणे. जेथे जेथे वियोग तेथे तेथे उघडणे, असे म्हणता येते काय? पावसाळ्यात पुण्यातली लाकडी दारे फुगतात, चौकटीशी नीट बसत नाहीत आणि फट राहते. चुंबकामागचा चिकटपट्टीचा तुकडा उन्हाळ्यात सैल होऊन गळून पडतो. अशा वेळी वियोग आहे, उघडणे नाही. लिंग साध्याला सोडूनही राहते, म्हणजे हेतू सव्यभिचार ठरतो. तर्कसंग्रहाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जो हेत्वाभास ओळखता येतो, तो फोनच्या पडद्यावर मात्र सिद्धांताच्या थाटात वावरतो. आणि हे तर फक्त उघडण्यापर्यंतचे अनुमान झाले. उघडण्यावरून उघडणाऱ्यापर्यंत जावयाचे ते दुसरे, आणि पहिल्याहून कितीतरी कच्चे.

नवल असे, की शंकेला जागा ठेवण्याची बुद्धी प्रमाणलेखन करणाऱ्यांना झाली होती. त्या सोळा अंकांत डब्याशी कोणी छेडछाड केल्याचा एक अंक आहे, बॅटरी उतरल्याचा एक आहे, यंत्रात बिघाड असल्याचाही एक आहे. डबा आपल्या विधानाबरोबर आपल्या प्रकृतीचेही वर्तमान धाडतो. फोनवरच्या वाक्यात ते सारे गळते, कारण वाक्य आटोपशीर हवे असते. बोलणारा माणूस असता तर एक ‘बहुधा’ किंवा ‘असावे’ त्याने सहज घातले असते. मराठीत ऐकीव, पाहिलेले आणि तर्काने जाणलेले यांच्यासाठी क्रियापदाची सक्तीची वेगळी रूपे नाहीत, हे खरे. पण ‘म्हणे’, ‘असावे’, ‘असणार’, ‘दिसते’ या शब्दांनी आपण ते काम अखंड करीत असतो. वाड्याच्या देवडीवरचा म्हातारा पहारेकरी ‘दार उघडलं जणू’ म्हणेल, ‘उघडं दिसतंय’ म्हणेल. तो अडाणी म्हणून तसे बोलत नाही. आपण पाहिले किती आणि समजलो किती याचा हिशेब त्याच्या बोलण्यात असतो.

दाराच्या अवस्थांचा प्रश्न याहून निराळा आहे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने अधिक निकडीचाही. डब्याला दोनच अवस्था ठाऊक : उघडे आणि बंद. मराठी घराला किती ठाऊक आहेत ते पाहावे. दार सताड उघडे असते, अर्धवट उघडे असते, किलकिले असते, नुसते लोटलेले असते, लावलेले असते, कडी घातलेले असते, अडसर सारलेले असते, कुलूप ठोकलेले असते. यांतील ‘लोटलेले’ ही अवस्था विशेष ध्यानात घ्यावी. दार लोटलेले आहे म्हणजे बाहेरून दिसावयास बंद, पण बोटाने ढकलले तर उघडेल. ‘जाताना दार लोटून घे’ आणि ‘जाताना दार लावून घे’ यांतला फरक पोरासोरांनाही कळतो. डब्याच्या लेखी मात्र फळी चौकटीला टेकली, चुंबक जवळ आले, दार बंद झाले. लोटलेले, लावलेले आणि कुलपातले ही तिन्ही दारे फोनवर एकाच हिरव्या चिन्हाने दिसतात. घरमालक ‘बंद’ हा शब्द वाचून निश्चिंत होतो, आणि तो शब्द चोराला अडविणाऱ्या कडीविषयी अवाक्षरही काढीत नसतो. कुलपाची स्थिती सांगावयाची तर वेगळे यंत्र लागते.

जुन्या वाड्याच्या दरवाजावर हा डबा बसवून पाहावा, निदान कल्पनेत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला अणकुचीदार खिळ्यांच्या भव्य फळ्या आहेत आणि त्यांतल्या एकीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी आहे. फळ्या मिटलेल्या आणि दिंडी उघडी, ही अशा दरवाजांची नित्याची स्थिती. अशा वेळी दरवाजा उघडा म्हणावयाचा की बंद? हत्तीला बंद, माणसाला उघडा. ज्या भाषेने ‘दिंडी’ हा शब्द जपून ठेवला तिने या प्रश्नाचे उत्तर आधीच दिलेले आहे. दोन अंकांच्या लिपीला ते देता येत नाही, आणि फळीवर डबा लावला असेल तर दिंडीतून वऱ्हाड जाऊन आले तरी तो ‘बंद’ असेच सांगत राहील.

‘बंद आहे’ या वाक्यात काळाचाही एक घोटाळा दडलेला आहे. डबा सतत पाहत नसतो. बॅटरी टिकावी म्हणून तो बहुतेक वेळ निजलेला असतो. फळी हलली की जागा होऊन संकेत धाडतो, आणि एरवी अधूनमधून आपण जिवंत असल्याचे कळवितो. म्हणून फोनवरचे ‘आहे’ हे वस्तुतः ‘शेवटचे कळले तेव्हा होते’ असे असते. बॅटरी संपली, घरची वीज गेली (पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाण्याची परंपरा जुनी आहे), मध्यवर्ती यंत्र झोपले, तरी काही काळ ते ‘आहे’ तसेच तळपत राहते. भूतकाळाला वर्तमानाचा पोशाख चढविण्याची ही रीत ऐतिहासिक वर्तमानाची आठवण करून देते. फरक इतकाच, की बखरकार वाचकाला फसवीत नसतो.

आणि यातूनच नकारार्थी वाक्याचा प्रश्न उभा राहतो. पुण्यात कितीतरी घरे अशी आहेत, की म्हातारे आईबाप येथे आणि मुले परदेशी. मुलगा तिकडून दाराकडे लक्ष ठेवतो. सकाळी सातला दार उघडते, आई दूध घेते. तेवढ्या एका संकेतावर त्याचा दिवस सुरू होतो. एखाद्या सकाळी संकेत येत नाही. तो वाचतो : ‘दार उघडले नाही’. असे वाक्य कोणी पाठविलेले नाही. न आलेल्या संकेताचे त्याने स्वतःच रचलेले वाक्य ते. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण त्याला योग्यतेची अट घातली : वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असली तरच तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव कळतो. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. उतरलेली बॅटरी हा तो अंधार आहे. संकेत आला नाही याचा अर्थ दार उघडले नाही असाही असेल, किंवा डब्याला सांगता आले नाही असाही. सातासमुद्रांपलीकडे बसलेल्या मुलाच्या छातीतली धडधड त्या दोन अर्थांच्या मध्ये अडकलेली असते, आणि पडद्यावर दोघांचे रूप एकच : काही नाही.

हे सर्व वाचून उपकरणच टाकून द्यावे असे कोणी म्हणेल तर ते प्रस्तुत लेखकास मान्य नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला, रात्रपाळीच्या नोकरदाराला या डब्याचा खरा आधार आहे. त्यातही ‘बहुउद्देशीय’पणाचे एक चांगले अंग दुर्लक्षित राहते. एकाच वस्तूविषयी अनेक प्रमाणे एकत्र येतात तेव्हा त्याला नैयायिक प्रमाणसंप्लव म्हणतात. डब्यात तशी सोय आहे : चुंबकाचा वियोग झाला पण फळीला हालचालच जाणवली नाही, तर चुंबक गळून पडल्याचा संभव अधिक, हादरे बसले पण वियोग नाही, तर कोणी दार ठोठावीत असेल किंवा वारा असेल, दोन्ही एकदम झाली तर दार खरोखर उघडल्याचा संभव बळकट. चार मापे एकमेकींना विचारून पाहतील तर निम्मा व्यभिचार टळेल. सर्वसाधारण पडद्यावर मात्र ती चार स्वतंत्र ओळींत, एकमेकींशी अबोला धरून बसलेली असतात. मेळ घालण्याची सूचना मालकाला स्वतः लिहून ठेवता येते. ती लिहिण्याचे कष्ट थोडे घेतात.

वाक्याच्या सुधारणेविषयी मात्र काही निश्चित सुचविता येईल, कारण ते मालकाच्याच हाती आहे. ‘दार उघडले’ याऐवजी ‘दार उघडल्याची खूण आली’ असे लिहावे. दोनाचे चार शब्द होतात हा आक्षेप येईल. पण फोनच्या पडद्यावर चार शब्द मावतात. ‘खूण’ हा शब्द असला की वाचणारा आपोआप विचारतो, कशाची? ‘उघडले’ला तो विचारतो, कोणी? प्रश्नच बदलतो. बंद होण्यासाठी ‘लागले’ वापरावे, ‘लावले’ कधीही वापरू नये. येथे मराठीने आपल्या हाती तयार भेद दिलेला असताना तो टाकणे हा करंटेपणा होईल. ‘बंद आहे’ याच्या जागी ‘अकरा चाळीसला लागले होते’ असे वेळेसह लिहावे. ‘असावे’ घालावे की नाही याबद्दल मतभेद होऊ शकेल : प्रत्येक इशाऱ्यात ते आले तर आठवड्याभरात डोळा त्याला सरावेल आणि शब्द निरुपयोगी होईल. बॅटरीचा किंवा बिघाडाचा अंक पेटलेला असेल तेव्हाच ‘असावे’ यावे, हे अधिक बरे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अशा प्रणालींचे मराठीकरण करताना शब्दकोश जवळ बाळगला, असे होते. प्रयोगविचार जवळ बाळगला, असे क्वचितच. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे काम करण्यासारखे आहे. कसबा, शनिवार आणि नारायण पेठांत अद्याप उभ्या असलेल्या वाड्यांतील वृद्ध स्त्रियांकडून दारासंबंधीची क्रियापदे आणि वाक्प्रयोग गोळा करावे. लोटणे, सारणे, ओढून घेणे, कडी घालणे यांपैकी कोणते रूप कोणत्या अवस्थेला वापरतात, आणि कर्ता केव्हा उच्चारतात व केव्हा गाळतात, याची नोंद करावी. त्या नोंदींशेजारी इशाऱ्यांची यांत्रिक वाक्ये मांडून पाहावी. घरकामाला जाणाऱ्या स्त्रियांनाही विचारावे, की फोनवरचे वाक्य त्यांना वाचून दाखविले जाते तेव्हा त्या ते कोणत्या अन्वयाने ऐकतात.